पाणकावळ्यांचं कलम

"कावळा माराले परवानगी हाय, काकी. सरकारनंच देली हाय," गोवर्धन म्हणाला आणि कुऱ्हाडीच्या पात्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"कुठं लिवलं हाय?" मी विचारलं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी असलेली सगळी माणसं हसली. दहा-अकरा जण होते, प्रत्येकाच्या हाती कुऱ्हाड. वर चिंचेच्या फांद्यांवर पाणकावळ्यांची घरटी होती, इतकी दाट की काही ठिकाणी पानंच दिसत नव्हती. खालची जमीन विष्ठेनं पांढरी झालेली आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागे.

वर्ष पंच्याण्णवचं. मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि दोन वर्षांपूर्वीच साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकले होते. तेव्हापासून मला एक खोडच लागली होती. कुणी काही सांगितलं की विचारायचं, कुठं लिहिलं आहे? एसटीच्या तिकिटापासून औषधाच्या बाटलीपर्यंत मी सगळं वाचत सुटले होते. गाव या खोडीला कंटाळलं होतं.

"काकीची बाराखडी सुरू झाली," मागून कुणी तरी म्हणालं.

"कावळ्याचं मले मालूम हाय," मी म्हणाले. "पण हा पानकावळा हाय."

"पानकावळा कावळा नोय काय?"

"मंग पानकोंबडी कोंबडी होय काय? नेऊन दे बरं तुया बायकोले, सांग तिच्याखाली कोंबडीची अंडी ठेवाले."

आता हसणारे गोवर्धनकडे बघून हसले. तो चिडला. गोवर्धन माझ्या दिराचा मुलगा. लहानपणी त्याला पायावर घेऊन न्हाऊ मी घातलेलं. आता तो आमच्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता. बेचाळीस घरं या एका तलावावर जगत होती. मी संस्थेच्या पंच मंडळात होते, ते एका बाईचं नाव लागतं म्हणून.

त्याचा राग खोटा नव्हता. दोन वर्षं तलाव रिकामा निघाला होता. पावसाळ्यात आम्ही मत्स्यबीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, सोडायचो आणि माघात जाळं ओढलं की हाती यायचं शेवाळ आणि चार-दोन मरळ. जिल्ह्याच्या कचेरीतून कागद आला होता. यंदा माघात साहेब येऊन स्वतः पाहणार आणि तिसऱ्या वर्षीही मासळी नसेल तर तलाव संस्थेकडून काढून ठेकेदाराला देणार. त्या वर्षीची बीजाची पहिली खेप चार दिवसांपूर्वी सोडली होती. सोडता सोडता पाणकावळे आमच्या डोळ्यांदेखत तुटून पडले होते. एकेक बुडी आणि एकेक चोचीत चांदीचा तुकडा.

"काकी, बाजूले हो," गोवर्धन म्हणाला. "आज चिंच पडली का घरटी गेली. घरटी गेली का पाखरू गेलं."

"अन् केस झाली त? केस झाली का माघापर्यंत थांबा नाई लागत. साहेब उद्याच तलाव काढून घेईन."

कुऱ्हाडवाल्यांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चार दिवस द्या मले," मी म्हणाले. "चार दिवसांत चिंच कुठं पळून नाई जात."

दुसऱ्या दिवशी मासळीची टोपली घरी ठेवून मी पहिल्या एसटीनं वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथं एक चष्मेवाला बाबू होता.

"काय पाहिजे बाई?"

"पाखरायचा कायदा पाहिजे."

"कशाला?"

"पानकावळे माराचे हायेत."

बाबूनं पेन खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग इतका हसला की शिपाई आत डोकावला. "मारायच्या आधी कायदा वाचायला आलेली तुम्ही पहिलीच," तो म्हणाला. "बाकीचे मारल्यावर येतात. म्हणजे आणले जातात."

त्यानं कपाटातून एक पुस्तिका काढली. मराठीत होती, पानं पिवळी पडलेली. बाहेर न्यायची नाही म्हणाला. मी वही घेऊन गेले होते. बाकावर बसून मी दीड पान उतरवून घेतलं, त्याला दुपारचे तीन वाजले. माझी अक्षरं तेव्हा टपोरी आणि तिरकी पडत. एक ओळ लिहायची, बोटानं मोजायची, पुस्तिकेतल्या ओळीशी ताडून पाहायची. शिपायानं दोनदा चहा दिला.

बाबूनं याद्या समजावून सांगितल्या. उपद्रवी म्हणून एक वेगळी यादी होती, तीत साधा कावळा होता, उंदीर होते, फळं खाणारी वटवाघळं होती. त्यांना मारलं तर गुन्हा नव्हता. पाणकावळा त्या यादीत नव्हता. तो संरक्षण असलेल्या यादीत होता. "आमचं नुकसान केलं तरी?" मी विचारलं. "तरी. मारायचं असेल तर वरच्या साहेबाचा लेखी हुकूम लागतो. अर्ज नागपूरला जाईल. हुकूम येईल तेव्हा तुमचा पावसाळा संपलेला असेल."

उतरवताना एका शब्दावर मी अडले होते. 'प्रयोजन'. प ला र, य ला काना-मात्रा, वाचता आला, पण कळला नाही.

"हे काय होय, बाबू?"

"कशासाठी करता ते. मनातला हेतू."

मी वहीत त्याच्यापुढं लिहिलं, 'कशासाठी.'

गावात पाळीवर बसून मी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. वेळ लागला. बिड्या पेटल्या, विझल्या. शिकार म्हणजे काय ते त्यात तीन भागांत होतं. मारणं, पकडणं, विष घालणं, फास लावणं आणि तसा प्रयत्न करणं हा एक भाग. दुसरा हाकण्याचा. तिसऱ्यात असं होतं की पाखरांची अंडी फोडणं, अंड्यांना नाहीतर घरट्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच.

"म्हंजे चिंच पाडली का झाली शिकार," मी म्हणाले. "अकरा जणाईची अकरा नावं."

कुऱ्हाडी घरी गेल्या. गोवर्धन तेवढा बसून राहिला.

"वाचलं तू," तो म्हणाला. "चांगलं वाचलं. आता सांग, कायदा वाचून पाखरू मासोळी खाचं थांबते काय?"

मी वही मिटून उठले. घरी आले, भाकरी टाकली आणि पहिली भाकरी करपवली.

दुसरी खेप आली, सोडली आणि गेली. पाणकावळ्यांनी पोटं भरली, पिल्लांच्या तोंडात ओतली. मी घाटावर उभी राहून पाहत होते आणि लोक माझ्याकडे पाहत होते. ते कुऱ्हाडींपेक्षा जड होतं.

मग आखाडी, आषाढातली पौर्णिमा, आली. त्या दिवशी आमच्याकडे मातामायची पूजा असते. मातामायचं ठाणं तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, घाटापासून अर्धा मैल. सगळं गाव तिकडे गेलेलं. मी एकटीच घाटावर जाळ्यातलं शेवाळ धुवत बसले होते. तिकडून लहानू बुढ्याचं डफडं वाजायला लागलं.

आणि चिंच हलली. वारा नव्हता. बघते तो, पाणकावळे एकामागून एक फांद्यांवरून सुटले आणि थेट माझ्या समोरच्या पाण्यात येऊन उतरले. पन्नासेक असतील. माना वर करून, घाटाकडे तोंड करून ते पाण्यावर डुलत राहिले. मी होते तिथंच गोठले. त्यांना माझी भीती नव्हती. ते वाट पाहत होते.

कुणाची वाट? आमची.

आमच्याकडे रीत अशी की बीजाचे डबे, आत पाणी आणि हवा भरलेल्या पिशव्या, घाटावर आले की लहानूनं डफडं वाजवायचं. मग घराघरातून माणसं यायची आणि प्रत्येक घराचा एक हात त्या डब्यांना लागला की मग बीज सोडायचं. हात लागल्याशिवाय बरकत येत नाही म्हणत. एका पावसाळ्यात सात-आठ खेपा, प्रत्येक खेपेला डफडं. बेचाळीस घरांच्या आधी पाणकावळे ते शिकले होते. माणसं पाळीवरून चालत येत, पाखरं उडून येत. आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं जेवायला बोलावत होतो, तेही वाजवून.

मी त्या घाटावर एकटीच मोठ्यानं हसले. तरी एक पाखरू उडालं नाही.

घरी जाऊन वही काढली. दुसरा भाग, हाकण्याचा, चार वेळा वाचला. मग गोवर्धनकडे गेले.

"डफडं तिकडे वाजवाचं, मातामायपाशी," मी म्हणाले. "तिथं वाजलं तरी आज सारी पाखरं घाटावर आली, कारन आपन बीज घाट सोडून कुठं टाकलंच नाई. आता बीज घाटावर न्याचंच नाई. चूपचाप नहराच्या तोंडाशी सोडाचं, तिथं पानी खोल हाय. अन् डफड्यासंगं दोन डोंगे घाटासमोर फिरवाचे. पाखरं घाटावर गोळा झाले का त्याईले मातामायकडे रेटत न्याचं. चिंचेकडे डोंगा फिरकला नाई पायजे."

गोवर्धननं डोकं खाजवलं. "चिंचेकडे काऊन नाई?"

"तिथं अंडी हायेत. तिसरा भाग."

लहानू बुढा मात्र अडून बसला. "घाटावर डफडं नाई? गंगामाय काय म्हनीन?"

"गंगामायले बहिरी समजतोस का गा?" मी म्हणाले. "अर्ध्या मैलावरून तुयं डफडं पानकावळ्याले ऐकू येते, मंग तिले नाई येत?"

बुढा खुशीत मिशी पुसायला लागला. हात लावायचं काम आम्ही गावातच आटोपायचं ठरवलं. डबे घराघरांवरून फिरवले की झालं.

तिसरी खेप सुटली. डफडं वाजलं, पाखरं घाटावर आली, डोंगेवाल्यांनी वल्ही आपटत त्यांना मातामायकडे पांगवलं, आणि इकडे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, तोंडाशी पिशव्या उघडल्या. बोटाएवढी पोरं पाण्यात गेली आणि खोल शेवाळात दिसेनाशी झाली. एकही बुडी तिथं पडली नाही. गोवर्धन पाण्याकडे बघत कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. चौथीही तशीच सुटली.

पाचव्या खेपेला वनखात्याचा हटवार गार्ड आला.

मी मातामायपाशी लहानूजवळ उभी होते. गार्डनं सायकल चिंचोळ्या पाळीवरून आणली, स्टँडवर लावली आणि डफड्यावर हात ठेवला. आवाज तिथंच मेला.

"काय चाललं आहे हे? पाखरं हाकता? डोंगे थांबवा. पंचनामा होईल. अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष तिकडे हाय, नहरापाशी," मी म्हणाले. "बीज आलं हाय, साहेब. पिशव्यातली हवा फार वेळ नाई टिकत."

"ते मला सांगू नको. पकडणं, मारणं, हाकणं, सगळी शिकारच. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तोंडपाठ करायला लावतात." त्यानं पिशवीतून पुस्तिका काढली. तशीच पिवळी पुस्तिका. कचेरीतलीच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता, हिच्यावर नव्हता; ही दुसरी प्रत होती. त्यानं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. येतं ना वाचता? काय लिहिलं आहे?"

"हाकणे," मी वाचलं.

"झालं तर मग."

पाण्यावर डोंगे थांबलेले. पाणकावळे घाटाकडून परत सरकायला लागले होते. दूर नहराच्या बाजूला माणसं उन्हात पिशव्यांवर गोणपाट भिजवून टाकत होती.

"साहेब, बोट उचला," मी म्हणाले.

"काय?"

"तुमचं बोट जाड हाय. त्याच्या खाली शब्द हायेत."

लहानू बुढ्यानं खोकल्याचं सोंग केलं. गार्डचे कान लाल झाले. "मला कायदा शिकवतेस?"

"नाई जी. तुमी भराभर वाचता, म्हून पाठ झालं. मी एकेक अक्षर लावून वाचते, म्हून माह्याकडून काही सुटत नाई. मोठ्यानं वाचा एकडाव. तुमचं खरं निघालं त मी सोताहून तुमच्या संगं येते."

त्यानं बोट उचललं. वाचायला लागला आणि पहिल्या तीन शब्दांतच त्याचा आवाज उतरला. "वरील खंडात... नमूद केलेल्या... कोणत्याही प्रयोजनासाठी... वन्य प्राणी हाकणे."

"प्रयोजन म्हंजे कशासाठी," मी म्हणाले. "वरच्या खंडात काय हाय? मारणं, धरणं, विष, फास. आमी यातलं कशासाठी हाकून रायलो?"

तो पुन्हा वरचा खंड पाहायला लागला.

"जाळं हाय कुठं? बंदूक हाय? डोंग्यात पाहून घ्या. आमी त्याईले जेवनाच्या पंगतीतून उठवून रायलो, बस. त्याईच्या घरातून नाई हाकलत."

"आणि घरटी?" त्याला एकदम आठवलं. "तिसरा भाग! घरट्यांना धक्का लावणं!"

"चिंच कुठं हाय?"

त्यानं मान वळवली. अर्ध्या मैलाहून लांब, घाटाच्याही पलीकडे चिंच पावसाळी उजेडात काळी दिसत होती. तिच्यावर माद्या अंड्या-पिल्लांवर बसून होत्या आणि त्यांना कुणाचंच काही पडलेलं नव्हतं.

"तिसरा भाग वाचला म्हून तं चिंचेकडे डोंगा नाई," मी म्हणाले. "हे पाहा, वहीत लिवून ठेवलं हाय. तुमच्याच कचेरीत बसून उतरवलं. तुमच्या बाबूले विचारा, दोन कप चहा पेला मी तिथं."

हटवारनं माझी वही घेतली. तिरक्या अक्षरांवरून त्याची नजर हळूहळू उतरली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. तेवढ्यात नहराकडून गोवर्धन चिखल उडवत धावत आला. त्याला गार्ड दिसला, तरी थांबला नाही.

"काकी! बीज उलटं पडून रायलं! सोडू का नको? आत्ता सांग!"

मी गार्डकडे पाहिलं. सोडलं आणि डफडं गप्प असलं, तर पाचवी खेपही पाखरांच्या पोटात. न सोडलं तर पिशवीत मेलेली.

हटवारनं वही मिटून माझ्या हातात दिली. पुस्तिकाही मिटली. मग लहानूकडे वळून ओरडला, "बसला काय आहेस गा, बुढ्या? वाजव!"

लहानूनं असं वाजवलं की डफड्याची कातडी फाटेल वाटावं. डोंगेवाल्यांनी वल्ही आपटली. गोवर्धन आला तसा धावत गेला. आणि गार्ड पाळीवर उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, आमच्यातल्या कुणापेक्षाही मोठ्यानं हुर्र हुर्र करत राहिला. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं टोपी सारखी केली आणि सायकलवर बसला.

जाताना एवढंच म्हणाला, "चिंचेकडे गेलात तर मात्र सोडणार नाही."

"नाई गेलो त या," मी म्हणाले. "मासोळी खाले."

त्या वर्षी आठ खेपा झाल्या, त्यातल्या सहा वाचल्या. पाखरांनी आपली पिल्लं वाढवली आणि पाणी उतरल्यावर ती कुठं तरी निघून गेली. लहान मासे, झिंगे त्यांना पुरले असतील. आम्ही त्यांची एक काडी हलवली नाही. पुढं त्या कलमाचे शब्द बदलले, असं मी ऐकलं आहे. कुणी आज मला विचारायला आलं तर मी आधी नवं पुस्तक आणायला सांगते, जुन्याच्या भरवशावर काही करू नये.

माघात जिल्ह्याचे साहेब आले. बरोबर ठेकेदाराचा माणूस होता, पांढरे बूट घातलेला. तो पाळीवरून पाण्याकडे अशा नजरेनं पाहत होता की जणू कुंपण कुठं घालायचं ते ठरवतो आहे.

सकाळी नऊला महाजाळ टाकलं. दोन्ही काठांवर वीस-वीस माणसं, बायका दोराच्या टोकाला. पहिल्यांदा दोर नुसता ओला आला. मग ताठ झाला. मग असा ताठ झाला की गोवर्धनच्या पायाखालचा चिखल सरकला आणि तो आपटला. कुणी त्याला उठवलं नाही, दोर सोडायला कुणी तयारच नव्हतं. जाळ्याचा घेर लहान होत गेला तसं आतलं पाणी उकळल्यासारखं व्हायला लागलं. पहिला रोहू हवेत उडाला, हातभर लांब, आणि जाळ्याबाहेर पडला. मग कटला, मग पुन्हा रोहू. पोरी किंचाळत होत्या. पांढऱ्या बुटांचा माणूस केव्हा निघून गेला ते कुणी पाहिलं नाही.

साहेब एका दगडावर बसून मांडीवर फळी ठेवून अहवाल लिहीत होते. मी दोर दुसऱ्या बाईच्या हाती दिला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. कागद माझ्या बाजूनं उलटा होता. उलटी अक्षरं मी कधी वाचली नव्हती. ती रांगत रांगत येत होती. 'त', मग 'ला', मग 'व'. मी ओठ हलवत होते. 'संस्थेकडे' हा शब्द पुरा व्हायला त्यांना दोन क्षण लागले असतील, मला तो तास वाटला. मग त्यांचं पेन थांबलं, त्यांनी शाई झटकली, आणि पुढं लिहिलं, 'च ठेवण्यात यावा.'

त्यांनी सही केली नव्हती. वर पाहिलंही नव्हतं. मी वळले आणि पाण्याकडे तोंड करून ओरडले, "गोवर्धन! तलाव आपलाच! लिवलं हाय!"

चाळीस माणसांनी एकदम हात वर केले. दोर सुटला, जाळ्याचा एक कोपरा पाण्यात गेला, आणि वीस-पंचवीस रोहू त्यातून निघून गेले. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.